घरी काडतुसं भरायला शिकतोय: स्वस्तात मिळणारा प्रेस घेऊ का?

चांदमारी

नमस्कार मंडळी. माझ्याकडे .३०८ विंचेस्टरची बोल्ट रायफल आहे, रीतसर परवान्याची. क्लबच्या रेंजवर १०० आणि ३०० मीटरला कागदावर नेम धरतो, एवढाच शौक. मी राहतो तिथे परवानाधारकाला स्वतःच्या रायफलीपुरती काडतुसं घरी भरता येतात. परवाना शाखेत जाऊन ते लेखी विचारून घेतलंय. पावडर आणि प्राइमर (काडतुसाच्या बुडाशी बसणारी, ठोक्याने पेटून पावडर पेटवणारी टिकली) किती साठवता येतात, तेही कळलंय. त्या बाजूची काळजी नाही.

क्लबातले एक गृहस्थ वयोमानाने हा छंद सोडतायत. त्यांचा प्रोग्रेसिव्ह प्रेस, म्हणजे प्रत्येकदा हँडल ओढलं की एक भरलेलं काडतूस बाहेर पडतं तो, मला फार कमी पैशांत देतायत. सोबत पावडरीचा अर्धा डबा (लेबल निम्मं फाटलेलं), काचेच्या बरणीत सुटे प्राइमर आणि एका चिठ्ठीवर त्यांचा 'हमखास' लोड, म्हणजे कुठली पावडर किती घालायची ते. शिवाय पिशवीभर रिकाम्या पुंगळ्या, म्हणजे काडतुसांची पितळी आवरणं, साठल्यात. काही माझ्याच रायफलीतल्या, बऱ्याचशा रेंजवर वेचलेल्या, त्यात लष्करी शिक्क्याच्याही आहेत.

धाकधूक एकाच गोष्टीची आहे. एखाद्या पुंगळीत पावडर दोनदा पडली, किंवा पडलीच नाही, तर मला कळणार कसं? व्हिडिओत सगळे झरझर हँडल ओढताना दिसतात. यावर कुणी थांबून बोलत नाही.

गणू_रेंजवाला

पैसे वाचतील म्हणून उतरत असाल तर आधीच सांगतो, वाचत नाहीत. एका काडतुसाचा खर्च उतरतो आणि माणूस तेवढीच जास्त मारतो. मी भरतो ते माझ्या नळीला मानवणारं काडतूस बाजारात मिळत नाही म्हणून. बाकीचं मीनलताई येतील तेव्हा सांगतीलच, त्यांच्याइतकं नीट मला मांडता येणार नाही.

मीनलताई

चांदमारी, तुमचा शेवटचा प्रश्न मी सगळ्यात वर ठेवते, कारण प्रेस घ्यायचा की नाही याचं उत्तर त्यातच आहे.

माझी नोकरी मशीन शॉपच्या तपासणी विभागात गेली. गेज, मायक्रोमीटर, सरफेस प्लेट. तिथे मनात पक्कं बसलं की 'मी लक्ष देऊन करीन' ही तपासणी नव्हे. लक्ष कधी ना कधी उडतंच, फोन वाजतो, दारात कुणी येतं. काम अशा रीतीने मांडायचं की चूक झालीच तर ती आपसूक डोळ्यांसमोर यावी. काडतुसं भरताना मी हेच धरून चालते आणि तुम्हालाही हेच धरायला सांगेन.

तेव्हा प्रोग्रेसिव्ह आत्ता नको. तो वाईट नाही, चांगले नेमबाज वर्षानुवर्षं वापरतात. पण त्यात एकाच ओढीत चार-पाच पुंगळ्यांवर चार-पाच वेगळी कामं होतात. हँडल अर्ध्यात अडकलं, तुम्ही मागे घेतलं, पुन्हा ओढलं, की कुठल्या पुंगळीचं काय झालं आणि काय राहिलं हे शिकाऊ माणसाला सांगता येत नाही. साधा सिंगल-स्टेज प्रेस घ्या. त्यात एका वेळी एकच डाय, म्हणजे पुंगळीला मापात आणणारा किंवा गोळी बसवणारा साचा, बसते आणि एकच काम होतं. पन्नास पुंगळ्या असतील तर पन्नासांचं एक काम पुरं करायचं, डाय बदलायची, मग पुढचं. वेळ लागतो, पण प्रत्येक टप्प्यानंतर पन्नासही पुंगळ्या तुमच्यासमोर उभ्या असतात आणि तपासता येतात.

पावडरीचं मी असं करते. प्राइमर बसवलेल्या सगळ्या पुंगळ्या लोडिंग ब्लॉकमध्ये, म्हणजे भोकं पाडलेल्या ठोकळ्यात, तोंड खाली करून ठेवायच्या. एक उचलायची, पावडर घालायची, आणि दुसऱ्या ब्लॉकमध्ये तोंड वर करून उभी करायची. तोंड खाली म्हणजे रिकामी, तोंड वर म्हणजे भरलेली. मध्येच उठावं लागलं तरी परत आल्यावर आठवायला लागत नाही. सगळ्या भरल्या की विजेरी घेऊन एकेकीत डोकवायचं. पावडरीची पातळी सगळ्यांत सारखी दिसली पाहिजे. जी वेगळी दिसेल ती ओतून पुन्हा तोलायची. हे झाल्याशिवाय एकाही पुंगळीवर गोळी ठेवायची नाही. एकदा गोळी बसली की आत काय आहे ते डोळ्यांना दिसत नाही, म्हणून सगळा जोर त्याच्या आधी.

एक बारकावाही लक्षात घ्या. .३०८ मध्ये योग्य रायफल पावडरीचा नेहमीचा लोड पुंगळीचा बराचसा भाग व्यापतो, त्यामुळे दुप्पट पडली तर बहुधा बाहेर सांडते आणि कळते. पिस्तूल-रिव्हॉल्व्हरचं तसं नाही. .३८ स्पेशलची पुंगळी काळ्या दारूच्या काळातल्या मापाची आहे, आत जागा भरपूर. जलद जळणारी आधुनिक पावडर तिच्या तळाशी चिमूटभर पडते आणि दुप्पट पडली तरी तोंडापर्यंत येत नाही. तुमच्या रायफलीत खरा घात दुसऱ्याच गोष्टीने होतो, तो म्हणजे चुकीची पावडर. पिस्तुलाची जलद पावडर रायफलीच्या वजनाने पुंगळीत गेली तर दाब इतका झपाट्याने चढतो की ॲक्शन, म्हणजे बोल्ट बसतो तो रायफलीचा भाग, फुटते, आणि तुमचा चेहरा तिच्या मागे वीतभर अंतरावर असतो.

त्यावरून तो अर्धा डबा. नको. पावडर रंगावरून किंवा दाण्यावरून ओळखता येत नाही. काडीसारखी, गोल दाण्याची, चकतीची असे आकार आहेत, पण एकाच आकारात जळण्याच्या वेगाचे कितीतरी प्रकार आहेत आणि बहुतेक सारखेच काळपट-करडे दिसतात. लेबल फाटलेलं असेल, सील फुटलेलं असेल, तर आत तीच पावडर आहे याला पुरावा नाही. गृहस्थ प्रामाणिक असतील, मला शंका नाही, पण मोजपट्टीत प्रामाणिकपणा धरत नाहीत. जुन्या डब्याला आंबट, नाकाला झोंबणारा वास येत असेल किंवा तांबूस भुकटी दिसत असेल तर ती पावडर कुजायला लागली आहे. ती घरात ठेवणंही धोक्याचं. पावडर बनवणाऱ्या कंपन्या नष्ट करण्याच्या सूचना देतात, त्याप्रमाणे करा.

काचेच्या बरणीतल्या प्राइमरांना हातही लावू नका. प्राइमर हा धक्क्याने पेटणारा स्फोटक आहे. कंपनी प्रत्येकाला वेगळा कप्पा देते ते एक उडाला तर शेजारचा उडू नये म्हणून. बरणीत सुटे असले की एकाबरोबर सगळे जातात आणि काचेच्या ठिकऱ्या होतात. तेल टाकून ते मारता येतात असं कुणी सांगेल, त्यावर विसंबू नका. क्लबच्या सुरक्षा अधिकाऱ्यांना सांगून, तुमच्याकडच्या नियमाप्रमाणे ते घराबाहेर काढायला लावा. त्या गृहस्थांच्याही घरातून.

आणि चिठ्ठी. ती फाडून टाकायला सांगताना वाईट वाटतंय, कारण ती प्रेमाने दिलेली आहे. पण तो लोड त्यांच्या नळीचा, त्यांच्या पुंगळीचा, त्या वेळच्या पावडरीचा. तुम्ही आकडे घ्यायचे ते पावडर बनवणाऱ्याच्या किंवा गोळी बनवणाऱ्याच्या छापील लोड-मॅन्युअलमधून, चालू आवृत्तीतून, आणि शक्य तर दोन मॅन्युअलं शेजारी ठेवून. तिथे सुरुवातीचा लोड आणि कमाल लोड असे दोन आकडे असतात. सुरुवातीच्या आकड्यापासून चढायचं. फक्त कमाल दिला असेल तर १० टक्के खाली यायचं. मी इथे कुठलाही आकडा लिहिणार नाही आणि कुणी लिहिला तर तुम्ही तो वापरू नका.

पहिली खरेदी काय, तर काटा. प्रेसच्या आधी काटा. मॅन्युअलं वजन ग्रेनमध्ये देतात. एक ग्रॅम म्हणजे १५.४३ ग्रेन, म्हणजे ०.१ ग्रेन साधारण साडेसहा मिलिग्रॅमला येतो. स्वयंपाकघरातला काटा इथे कामाचा नाही. डिजिटल काट्यावर एकक बदलायचं बटण असतं, ते चुकून दाबलं गेलं तर आकडा दिसतो पण अर्थ बदलतो, म्हणून दर बैठकीला एककाकडे बघा. सोबत प्रमाणित वजनं घ्या. बैठक सुरू करताना एकदा, मध्ये एकदा, शेवटी एकदा ठेवून बघायचं. शेवटी वजन चुकलं तर मधल्या तपासणीनंतर भरलेलं सगळं परत तोलायचं. पंख्याचा वारा, हलणारं टेबल, जवळची मोटर, यांनी काटा सरकतो. माझ्याकडे दोन आहेत, एक डिजिटल आणि एक दांडीचा, आणि त्यांचं एकमत झाल्याशिवाय मी पुढे जात नाही.

टेबलावर एका वेळी एकच पावडरीचा डबा, हा नियम मोडायचा नाही. मापकातली उरलेली पावडर काम संपताच मूळ डब्यात. मूळ डबाच, दुसरा नाही. कंपनीचा डबा आग लागली तर चटकन फाटेल असा केलेला असतो, कारण मोकळी पावडर भडकून जळते, पण मजबूत बंद भांड्यात कोंडली की फुटते. जाड लोखंडी पेटी सुरक्षित वाटते, तीच सगळ्यात वाईट.

चांदमारी

ताई, मनापासून आभार. प्रेसला नकार कळवला, आणि प्राइमरांचं क्लबात आजच बोलतो. पुंगळ्यांचं मात्र राहिलं. लष्करी शिक्क्याच्या टाकून द्याव्यात का? आणि पुंगळी पुन्हा किती वेळा भरता येते? कुणी पाच म्हणतं, कुणी वीस.

कोल्हटकर_शॉटगन

ताईंच्या आधी एक भर घालतो, पावडर अजिबात न पडण्याविषयी. पावडर नसली तरी एकट्या प्राइमरच्या जोराने गोळी नळीत शिरून अडकू शकते. आवाज 'ठप्प' असा येतो, धक्का जवळजवळ नसतो. त्या क्षणी थांबायचं. मागून दुसरी गोळी गेली तर नळी फुगते किंवा फाटते. तोंड लक्ष्याकडेच ठेवून निदान ३० सेकंद थांबा, कारण कधी कधी प्राइमर उशिरा पेटतो. मग रायफल रिकामी करून नळीतून आरपार उजेड दिसतोय का ते बघा. रेंजवर घाई करणारे मित्र असतात, त्यांचं ऐकू नका.

आणि हात धुवा. प्राइमरच्या राखेत शिसं असतं. पुंगळ्या कोरड्या टंबलरमध्ये, म्हणजे साफ करायच्या फिरत्या भांड्यात, घासल्या की तीच धूळ उडते. मी ओल्या टंबलरवर गेलो ते याच कारणाने. भरताना खाणंपिणं नको, धूम्रपान तर नकोच, आणि लहान मुलं त्या खोलीत नकोत.

मीनलताई

कोल्हटकरांचा 'ठप्प' आवाज आला की थांबायचं, हा मुद्दा छापून टेबलासमोर लावा.

पुंगळीचं आयुष्य आकड्यात नाही सांगता येत. काडतुसाचं पितळ म्हणजे ७० टक्के तांबं आणि ३० टक्के जस्त. चाप ओढला की पुंगळी चेंबरच्या, म्हणजे नळीच्या मागच्या टोकाला काडतूस बसतं त्या पोकळीच्या, भिंतीला टेकेपर्यंत फुगते, सीलसारखी घट्ट बसते, आणि दाब उतरला की थोडी आखडते, म्हणून बाहेर येते. मग आपण तिला डायमध्ये दाबून मापात आणतो. फुगणं, दाबणं, फुगणं, दाबणं. पितळ त्याने कडक होत जातं आणि आधी मान, म्हणजे गोळी धरणारा तोंडाकडचा अरुंद भाग, तडकते. मान तडकलेली पुंगळी दिसते, ती टाका, तिच्यापासून फारसा धोका नाही.

भीती बुडाजवळची. पूर्ण मापाची साइझिंग डाय गरजेपेक्षा खाली लावली की ती पुंगळीचा खांदा, म्हणजे मानेखालचा उतार, मागे ढकलते. मग चेंबरमध्ये पुढे पोकळी राहते आणि प्रत्येक बारात पुंगळी ती भरून काढायला ताणली जाते. ताण बसतो तो बुडाच्या जाड भागाच्या किंचित वर. तिथे बाहेरून चकचकीत कडं दिसायला लागतं, आतून पितळ पातळ होतं, आणि एक दिवस पुंगळी तिथून दोन तुकडे होते. गरम वायू बोल्टच्या बाजूने मागे येतो. तपासायला पेपरक्लिप पुरते. तिचं टोक काटकोनात वाकवा, आत घालून भिंतीवरून बुडाकडून वर ओढा. टोक खाचेत अडकल्यासारखं वाटलं की ती पुंगळी बाद, आणि तिच्याबरोबर तेवढ्याच वेळा भरलेल्या बाकीच्याही संशयित. उपाय म्हणजे केस गेज (पुंगळीच्या खांद्याचं माप बघायचं साधन) घेऊन डाय अशी लावा की खांदा तुमच्या चेंबरमधून निघाल्यापेक्षा फक्त दोन हजारांश इंच, साधारण ०.०५ मिलिमीटर, मागे जाईल. बोल्ट रायफलीला तेवढं पुरतं. अशा काळजीने चाललेली पुंगळी कितीतरी दिवस टिकते, आणि निष्काळजी हातात चौथ्याच भरणीला जाते. पाच की वीस हा वाद त्यातूनच आलाय.

लांबीही बघा. प्रत्येक बारात पितळ थोडं पुढे सरकतं आणि मान लांबते. .३०८ ची कमाल लांबी २.०१५ इंच, म्हणजे ५१.१८ मिलिमीटर. कापून २.००५ वर आणतात. लांब मान चेंबरच्या पुढच्या कडेत चिमटली जाते, गोळी सुटायला जागा राहत नाही आणि दाब भलताच चढतो. व्हर्नियरने प्रत्येक पुंगळी मोजा, साइझिंगच्या नंतर, आधी नाही, कारण डायमध्ये ती लांबते. डायमध्ये घालण्यापूर्वी बाहेरून वंगण हवंच. कोरडी पुंगळी डायमध्ये जी रुतते ती हातोडीनेही निघत नाही. पण खांद्यावर वंगण साचलं तर तिथे खळगे पडतात. बोटावर येईल एवढंच.

लष्करी पुंगळ्या सरसकट टाकायच्या नाहीत, पण तुम्ही पहिल्या वर्षी बाजूला ठेवा. प्राइमर पडू नये म्हणून त्यांच्या खाचेची कड दाबलेली असते. ती कड काढल्याशिवाय नवा प्राइमर बसत नाही, आणि जबरदस्तीने बसवायला गेलात तर चेंगरतो. ७.६२ नाटोच्या, म्हणजे .३०८ च्या लष्करी जोडीदाराच्या, पुंगळ्यांची भिंत बहुधा जाड असते, आत जागा कमी, म्हणजे तेवढ्याच पावडरीला दाब जास्त. काही तर मशीनगनच्या ढिल्या चेंबरमधून ताणून आलेल्या असतात. आणि आत विजेरी टाकून बघा. मध्ये एक भोक असेल तर बॉक्सर, दोन बारीक भोकं असतील तर बर्डन. बर्डन पुंगळी डायमध्ये घातली की प्राइमर ढकलणारी पिन मोडते.

रेंजवर वेचलेल्यांचा इतिहास कुणालाच ठाऊक नाही. माझं स्पष्ट मत आहे की शिकताना फक्त एकाच शिक्क्याच्या, तुमच्याच रायफलीत पहिल्यांदा उडालेल्या पुंगळ्या घ्या. वेगळ्या डब्यात, वर चिठ्ठी: किती वेळा भरल्या, कधी कापल्या.

प्राइमर घेताना 'लार्ज रायफल' लिहिलेलेच घ्या. लार्ज पिस्टलचा व्यास तोच, ०.२१० इंच, त्यामुळे बसतो, पण उंची कमी आणि कपाचं पितळ पातळ. रायफलीच्या दाबाला तो भोसकला जातो. बसवल्यावर बुडावरून बोट फिरवा. प्राइमर किंचित आत लागला पाहिजे, वर आलेला कधीच नको.

चांदमारी

हे सगळं वहीत उतरवलं. शेवटचं विचारतो, मग त्रास देत नाही. चढत चढत कमाल लोडकडे जाताना दाब जास्त होतोय हे रायफल सांगते का?

मीनलताई

त्रास कसला, विचारा. सांगते, पण उशिरा सांगते. बोल्ट उचलायला जड जाणं, पुंगळीच्या बुडावर इजेक्टरच्या (पुंगळी बाहेर फेकणाऱ्या बोल्टमधल्या खिळीच्या) भोकाचा चकचकीत ठसा उमटणं, प्राइमर चपटा होऊन कडेपर्यंत पसरणं. यातलं काहीही दिसलं की त्या दिवसाचं काम थांबवायचं आणि उरलेली काडतुसं घरी आणून उघडायची. एकट्या प्राइमरवर विसंबू नका. मऊ कपाचा प्राइमर कमी दाबालाही चपटा होतो, कडक कपाचा धोक्याच्या पलीकडे जाऊनही गोल राहतो. .३०८ ला अमेरिकन मानकाची मर्यादा ६२,००० पौंड प्रति चौरस इंच आहे, आणि ठसे दिसायला लागतात तोवर ती बहुतेकदा ओलांडलेली असते. म्हणून खूण दिसली नाही म्हणजे अजून वाव आहे, असा अर्थ काढायचा नाही. मॅन्युअलचा कमाल आकडा हाच शेवट.

दाब सरळ रेषेत चढत नाही. वरच्या टोकाला ०.३ ग्रेनने जेवढा फरक पडतो तेवढा खाली पडत नाही. गोळी, प्राइमर, पुंगळीचा शिक्का, पावडरीचा लॉट, यातलं एक जरी बदललं तरी पुन्हा खालून सुरुवात. गोळी किती खोल बसवली यानेही दाब बदलतो, ती नळीच्या खाचांना टेकत असेल तर विशेष. भरलेली काडतुसं तापल्या गाडीत ठेवू नका, बऱ्याच पावडरींचा दाब उष्णतेने वाढतो.

आणि कमालपर्यंत जायची गरज फारशी पडत नाही. ३०० मीटरवर कागदाला वेग कळत नाही, सातत्य कळतं. माझ्या रायफलीचे सगळ्यात घट्ट ग्रुप, म्हणजे कागदावर जवळजवळ पडलेली भोकं, मधल्या आकड्यांवर येतात. क्लबात तर वेगाची चढाओढ चालते, त्यात तुम्ही पडू नका.

आता पावडर आणायच्या आधी एक काम करा. पाच पुंगळ्या साइझ करा, कापा, कड घासा, आणि प्राइमर-पावडर काही न घालता नुसत्या गोळ्या बसवा. पोटाला आरपार भोक पाडा, म्हणजे त्या कुणाला खऱ्या वाटणार नाहीत. मग रायफल खरंच रिकामी आहे ना ते बघून त्या चेंबरमध्ये घालून काढा. बोल्ट सहज बंद होतो का, मॅगझिनमधून नीट वर येतात का, गोळीवर खाचांचे ओरखडे उमटतात का ते बघा. पाचांची पूर्ण लांबी आणि खांद्याचं माप इथे टाका. पाचांत फरक निघाला तर डाय किंवा हात, काहीतरी सारखं चालत नाहीये. ते आकड्यांवरून शोधू.